संचालकाचा पगार मोठा, म्हणजे भ्रष्टाचार झालाच का?



गटाच्या बैठकीत बचत गोळा झाली, हप्ते भरून झाले की गप्पा सुरू होतात. कुणीतरी म्हणतं, "अगं, त्या कंपनीच्या साहेबाला वर्षाला कोटी कोटी रुपये! वर पुढाऱ्यांना पैसे चारल्याशिवाय मिळतात होय?" दुसरी म्हणते, "आपल्याला काय करायचंय त्याचं?" दोघींचंही थोडं चुकतंय. म्हणून आजचा पाठ यावर.

आधी कायदा बघू

कंपनी कायदा 2013 प्रमाणे पब्लिक कंपनीने सगळ्या संचालकांना मिळून निव्वळ नफ्याच्या 11 टक्क्यांपर्यंत मोबदला द्यायचा. एकच व्यवस्थापकीय संचालक असेल तर त्याला 5 टक्क्यांपर्यंत. म्हणजे नफा 100 कोटी झाला तर त्या एकाला 5 कोटी देणं कायद्यात बसतं. त्याच्या वर जायचं तर भागधारकांच्या सभेची मंजुरी लागते. शेअर बाजारातल्या कंपनीला तर संचालकाचा पगार मधल्या कामगाराच्या पगाराच्या किती पट आहे, हेही अहवालात छापावं लागतं.

म्हणजे मोठा पगार हा आपोआप चोरीचा पुरावा नाही. तो अन्याय वाटू शकतो, आणि वाटला तर तसं म्हणावं. पण "जास्त आहे" आणि "खाल्ले आहेत" ही दोन वेगळी वाक्यं. दुसऱ्याला पुरावा लागतो.

उलटही ध्यानात ठेवा. 2009 च्या जानेवारीत सत्यम कंपनीच्या अध्यक्षांनी हिशेबात खोटे आकडे दाखवल्याची कबुली दिली. तो घोटाळा पगाराच्या रकान्यात नव्हता. खात्यात नसलेले पैसे ताळेबंदात दाखवले होते.

राजकारणाचा संबंधही बहुधा पगारातून येत नाही. पक्षांना देणगी जाते ती कंपनीच्या पैशातून. 2018 पासून निवडणूक रोख्यांमुळे कोणी कोणाला किती दिले हे लोकांना कळत नव्हतं. 15 फेब्रुवारी 2024 ला सर्वोच्च न्यायालयाने ती योजना घटनाबाह्य ठरवली. कारण एकच, मतदाराला ते कळायला पाहिजे.

आता आपल्या दारात येऊ

शाहूवाडीत आपला संबंध कंपनीपेक्षा सहकाराशी जास्त. गावची दूध संस्था, सेवा सोसायटी, जिल्हा बँक, साखर कारखाना. गोगव्याचं गोकुळचं शीतकरण केंद्र तर आपल्याच तालुक्यात. इथे निवडून आलेल्या संचालकाला मोठा पगार नसतो. बैठक भत्ता, प्रवासखर्च, कुठे मानधन, एवढंच.

मग विचार करा. पगार नाही, तरी निवडणुकीला एवढी चुरस का? 2021 च्या मे महिन्यात गोकुळच्या 21 जागांसाठी निवडणूक झाली, तेव्हा जिल्ह्यातले आमदार, मंत्री, माजी आमदार सगळे मैदानात होते. त्यावरून कुणाला चोर म्हणायचं नाही. पण संचालकपदाची किंमत पगारात नसते, हे त्यातून कळतं. नोकरभरती, खरेदी, वाहतुकीचे ठेके, कर्जमंजुरी आणि गावोगावची माणसं जोडून ठेवणं, खरी ताकद तिथे असते. म्हणून नजरही तिथेच ठेवायची.

आपण काय बघायचं?

1. कुणी ठरवलं? भत्ता, मानधन, गाडीचा खर्च सभेत मंजूर झाला का? "मंजूर, मंजूर" ओरडून पाच मिनिटांत सभा संपली तर प्रश्न विचारायला वेळच उरत नाही. 2018 मध्ये गोकुळच्या सभेत मल्टिस्टेटच्या ठरावावरून केवढा गदारोळ झाला! सभासदांचा विरोध वाढला आणि पुढे तो प्रस्ताव मागे घेतला गेला.

2. लिहिलंय का? सहकार कायद्याच्या कलम 32 प्रमाणे सभासदाला ताळेबंद, सभेचं आणि संचालक मंडळाचं प्रोसिडिंग फुकट बघता येतं. नकला फी भरून मिळतात.

3. नफा-तोट्याशी मेळ आहे का? दुधाचा फरक कमी झाला आणि संचालकांचा प्रवासखर्च मात्र वाढला, तर कारण विचारायचंच.

4. काम कुणाला दिलं? खरेदी आणि ठेके नात्यागोत्यात गेले का?

गडबड वाटली तर एक पंचमांश सभासद मिळून निबंधकांकडे कलम 83 खाली चौकशी मागू शकतात.

पण सभासद कोण?

इथे मेख आहे. पहाटे उठून शेण काढायचं आपण, धार काढायची आपण, आणि दूध संस्थेत नाव घरधन्याचं. नाव नाही म्हणजे प्रोसिडिंग बघायचा हक्क नाही. गोकुळला मत देतो तो गावच्या संस्थेचा ठरावधारक. तो ठराव कुणाच्या नावाने झाला, हे आपल्यापैकी किती जणींना ठाऊक आहे?

आणि बोट दुसऱ्याकडे दाखवताना आपलं दप्तरही उघडं पाहिजे. ग्रामसंघाच्या अध्यक्षा, सचिव, कोषाध्यक्ष यांचा प्रवासखर्च, सीआरपी ताईंचं मानधन दर बैठकीत वाचून दाखवा. विचारणाऱ्या बाईला "विश्वास नाही का?" असं म्हणून गप्प बसवू नका. आपल्या पंचसूत्रीत दप्तर लिहिणं आहे, ते याच्यासाठीच.

पुढच्या बैठकीसाठी गृहपाठ

- गटातल्या किती जणी दूध संस्थेच्या स्वतः सभासद आहेत? मोजून लिहा.
- गावच्या संस्थेचा ठराव कुणाच्या नावाने आहे, ते विचारून या.
- वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत होते. त्याआधी अहवाल मागून घ्या, गटात मोठ्याने वाचा आणि एक तरी प्रश्न लेखी द्या.

प्रश्न विचारणं म्हणजे आरोप करणं नव्हे, बायांनो. ते सभासदाचं कामच आहे.