महाविद्यालयाची पूर्वतयारी शाळेतच

डिसेंबर १९३६ मध्ये राष्ट्रीय सभेचे ग्रामीण भागातील पहिले अधिवेशन फैजपूर येथे भरले. याच गावी १९६१ साली धनाजी नाना महाविद्यालय सुरू झाले आणि परिसरातील शेतकरी कुटुंबांतील मुलांना उच्च शिक्षण घराजवळ उपलब्ध झाले. अंतर मिटले, माध्यमाची अडचण मात्र उरली.

मराठीतून दहावी उत्तीर्ण झालेला विद्यार्थी विज्ञान शाखेत जातो, तेव्हा त्याच्या हाती इंग्रजी पाठ्यपुस्तक येते. ‘प्रकाशसंश्लेषण’ त्याला उमगलेले असते, ‘फोटोसिंथेसिस’ परके वाटते. विषय ठाऊक असूनही तो मागे पडतो व त्याला उपचारात्मक वर्गात बसावे लागते.

हे टाळण्यासाठी नववीपासूनच विद्यार्थ्यांकडून मराठी व इंग्रजी संज्ञांची वही लिहून घ्यावी. अपूर्णांक, समीकरणे व आलेख यांची चाचणी दहावीच्या प्रथम सत्रातच घ्यावी, म्हणजे उणिवा भरून काढण्यास अवधी मिळेल. पाठ ऐकून स्वतः टिपणे काढण्याचा सराव द्यावा. ग्रामपंचायतीने वाचनालयात अकरावीची पुस्तके ठेवावीत. घरातून प्रथमच महाविद्यालयात जाणाऱ्या मुलामुलींचे पहिले वर्ष त्यामुळे वाया जाणार नाही.