घरच्या ऑर्किडवरील पानकूज : ओळख व उपाय

परसात, गच्चीवर किंवा पडवीत डेंड्रोबियम, फॅलेनॉप्सिस व व्हॅन्डा या ऑर्किडच्या कुंड्या आता अनेक घरी दिसतात. काही बागायतदार शेडनेटखाली फुलांसाठी त्यांची लागवडही करतात. हे झाड तसे काटक आहे. परंतु पावसाळ्यात एखादे पान पाणचट होते, काळे पडते आणि आठवड्याच्या आत सबंध झाड हातचे जाते. पान मलूल दिसले की आपण पाणी आणि खत वाढवतो. पानकुजीत नेमका हाच उपाय घातक ठरतो.

झाडाची गरज ओळखा

वर उल्लेखिलेली ऑर्किडे निसर्गात झाडांच्या खोडाफांद्यांवर वाढतात. मात्र ती बांडगुळासारखी यजमान झाडाचा रस शोषत नाहीत. आपल्या सह्याद्रीत आढळणारी सीतेची वेणी याच प्रकारातली. पाऊस पडला की मुळे पाणी शोषतात आणि वाऱ्याने लगेच सुकतात. कुंडीत मात्र माध्यम सतत ओले राहिले, हवा खेळली नाही आणि पानांच्या बेचक्यात पाणी साचले की कुजीला वाट मिळते.

कूज कोणती, ते आधी पाहा

१) अणुजीवजन्य मऊ कूज : पानावर पाण्यात भिजल्यासारखा डाग पडतो व झपाट्याने पसरतो. पान मऊ, पचपचीत होते, दाबल्यास पाणी सुटते व बहुधा दुर्गंधी येते.

२) काळी कूज : फायटोप्थोरा व पिथियम या बुरशीसदृश जीवांमुळे होते. सुपारीवरील कोळे रोग याच फायटोप्थोरा गटातला. जांभळट-काळा डाग पडतो, त्याची कड बहुतेक वेळा पिवळसर असते. कूज बुडाशी पोहोचली की पाने हात लावताच गळतात.

३) करपा : तपकिरी, खोलगट डाग आणि त्यात गडद वलये दिसतात. बहुधा पानाच्या टोकाकडून सुरुवात होते. हा रोग सावकाश वाढतो.

४) रोग नसलेले प्रकार : उन्हाने भाजलेला डाग उन्हाकडील बाजूस असतो, कोरडा राहतो व वाढत नाही. सर्वांत खालचे एखादे जुने पान पिवळे पडून गळणे नैसर्गिक आहे. अशा वेळी औषध फवारू नये.

डागाच्या कडेवर पेनाने खूण करावी. दुसऱ्या दिवशी डाग खुणेबाहेर गेला असेल तर कूज चालू आहे, असे समजावे. डाग पाणचट असेल तर मात्र वाट न पाहता त्याच दिवशी कापावे.

उपाय

• रोगट कुंडी ताबडतोब इतरांपासून दूर, हवेशीर सावलीत ठेवावी. पाणी व खत बंद करावे.

• धारदार पाते स्पिरिटने पुसून किंवा ज्योतीवर तापवून घ्यावे. डागाच्या पुढे सुमारे २ सें.मी. निरोगी भागासह पान कापावे. प्रत्येक कापानंतर पाते पुन्हा निर्जंतुक करावे.

• कापलेल्या जागेवर दालचिनीची पूड लावावी, म्हणजे जखम लवकर सुकते. ही पूड मुळांवर पडू देऊ नये, मुळेही सुकतात.

• काळ्या कुजीसाठी मेटॅलॅक्झिल ८ टक्के + मॅन्कोझेब ६४ टक्के हे मिश्र बुरशीनाशक २ ग्रॅम प्रति लिटर पाण्यातून फवारावे. लेबलवरील सूचना पाळाव्यात. हातमोजे व मास्क वापरावा. कार्बेन्डाझिमचा या रोगावर उपयोग होत नाही.

• सुपारीवर मारतो म्हणून बोर्डो मिश्रण डेंड्रोबियमवर मारू नये. ताम्रयुक्त औषधांनी त्याचे कोवळे कोंब व फुले करपतात.

• मऊ कुजीवर बुरशीनाशकाचा उपयोग नाही. कापणे आणि कोरडे ठेवणे हाच खरा उपाय.

झाड वाचेल का?

डेंड्रोबियमला अनेक कांड्या असतात. रोगट कांडी बुडातून काढल्यास बाकीचे झाड वाचू शकते. त्याच्या कांड्यांत पाण्याचा साठा असल्याने काही दिवस कोरडे ठेवले तरी चालते. फॅलेनॉप्सिसला वाढीचा शेंडा एकच असतो व पाण्याचा साठा फक्त पानांत आणि मुळांत असतो. त्याचा गाभाच कुजला असेल तर झाड सहसा सावरत नाही. अशा झाडाचा मोह न धरता ते नष्ट करावे. एका कुंडीपायी सगळी रांग जाऊ देऊ नये. रोगट अवशेष कंपोस्टमध्ये टाकू नयेत. जुने माध्यम फेकून द्यावे. कुंडी घासून, १ भाग घरगुती ब्लीच व ९ भाग पाणी या द्रावणात अर्धा तास बुडवावी आणि नंतर स्वच्छ धुवावी.

मृगापूर्वीची तयारी

कुजलेली नारळाची सोडणे काढून कोळसा व विटांचे तुकडे भरावेत. शेडनेट पाऊस अडवत नाही, म्हणून त्यावर प्लॅस्टिकचे छप्पर करावे व बाजू मोकळ्या ठेवाव्यात. कुंड्यांत अंतर ठेवावे. एका कुंडीचे पाणी दुसरीवर ठिबकेल अशा टांगू नयेत. पाणी सकाळीच द्यावे, म्हणजे संध्याकाळपर्यंत पाने सुकतात. बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घ्यावे. पावसाळ्यात नत्रयुक्त खत कमी करावे, कारण लुसलुशीत पान लवकर कुजते.

पावसाळाभर रोज सकाळी प्रत्येक झाडाच्या पानांची खालची बाजू व बुडखा पाहण्याची सवय ठेवा. डाग बोटाएवढा असतानाच कापला तर एका पानावर निभावते; उशीर झाला तर झाड जाते.