गुलमर्गचं हिमवादळ आणि शहाद्याचा गारठा

प्रश्न : माझ्या भाच्याला स्कीइंगचं वेड आहे. गुलमर्गला मोठं हिमवादळ येणार असं कळलं, की तो आनंदाने बॅग भरतो. पुढे काही दिवसांत इकडे आम्ही गारठतो आणि डाब, तोरणमाळला बर्फ पडल्याच्या बातम्या येतात. काश्मीरचा बर्फ सातपुड्यापर्यंत पोहोचतो का? मग तोरणमाळला स्कीइंग का होत नाही?
– एक वाचक, शहादा

उत्तर : काश्मीरचा बर्फ काश्मीरातच राहतो. आपल्याकडे येतो तो त्याच्या मागचा वारा.

भाचा ज्या वादळाची वाट पाहतो, त्याला हवामानखातं पश्चिमी विक्षोभ म्हणतं. भूमध्य समुद्राच्या बाजूने निघालेली ही प्रणाली इराण, अफगाणिस्तान ओलांडून येते. तिच्यातली दमट हवा पीर पंजालच्या रांगेला अडून वर चढते, थंड होते आणि बर्फ पडतो.

नुसती कडाक्याची थंडी पडली म्हणजे बर्फ पडतो, हा गैरसमज आहे. लेहला गुलमर्गपेक्षा जास्त थंडी असते, तरी बर्फ कमी. कारण तिथवर बाष्पच फारसं पोहोचत नाही. 2025 च्या फेब्रुवारीत पुरेसा बर्फ नसल्याने गुलमर्गच्या खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा मार्चमध्ये घ्याव्या लागल्या. स्कीइंगवाले वादळाकडे डोळे लावून बसतात ते यासाठीच. शिवाय ताजा, कोरडा बर्फ पिठासारखा भुसभुशीत असतो आणि त्यावरून घसरण्याची मजा वेगळीच.

विक्षोभ पुढे सरकला, की त्याच्यामागून उत्तरेचे थंड, कोरडे वारे खाली उतरतात. ते खानदेशात पोहोचेपर्यंत आकाशही निरभ्र होतं. ढगांचं पांघरूण नसल्याने जमिनीची उष्णता रात्रीतून निघून जाते. जड, थंड हवा सातपुड्याच्या खोलगट भागांत साचते आणि पहाटे गवतावर दव गोठतं. बातमीतला ‘बर्फ’ तो हाच. हवेचं तापमान शून्याच्या वर असतानाही हे घडतं, कारण तापमापक जमिनीपासून सव्वा मीटरभर उंच असतो आणि गवताचं पातं त्याहून थंड झालेलं असतं.

खरं हिम ढगात तयार होऊन खाली पडतं. तोरणमाळचा हा पापुद्रा उन्हाची तिरीप आली की विरघळतो. त्यावर घसरायचं म्हटलं तर गवतावरच लोळण!

दोन सूचना. भाच्याला सांगा, वादळानंतरचे एक-दोन दिवस हिमस्खलनाचा धोका सर्वाधिक असतो. इशारा मागे घेतल्याशिवाय उतारावर जाऊ नये. आणि काश्मीरात जोरदार बर्फ पडल्याची बातमी ऐकली, की हवामानखात्याचा थंडीचा अंदाज तुम्हीही पाहा. गारठा येणार असेल, तर केळी-पपईला रात्री विहिरीचं पाणी द्या.