चाकाचा परीघ आणि रस्त्याचा कायदा

बैलगाडीचे चाक बदलताना गाडीवानाला फारसा विचार करावा लागत नाही. मधला तुंबा, त्यातून निघालेले आरे, लाकडी घेर आणि त्यावर तापवून बसवलेली लोखंडी धाव एवढीच त्या चाकाची रचना असते. दोन्ही चाके सारख्या उंचीची असली म्हणजे गाडी नीट चालते. मोटारीची गोष्ट निराळी आहे. तिचा वेग दाखविणारा काटा, तिचे ब्रेक, तिचे स्टिअरिंग आणि तिची भार वाहण्याची शक्ती ही सर्व चाकाच्या मापाशी बांधलेली असतात. ते माप बदलले की या साऱ्यांत बदल होतो, आणि तो चालकाच्या डोळ्यांना दिसत नाही. मोटारीच्या चाकांत मन मानेल तसा फेरफार करण्यास कायदा मनाई करतो, त्याचे मूळ कारण हेच आहे.

जबलपूरचे उदाहरण

जबलपूर शहराचा चाकांशी संबंध जुना आहे. तेथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ साली सुरू झाला आणि लष्करी वाहनांचा कारखाना १९६९ साली. या दुसऱ्या कारखान्यात निस्सान या जपानी कंपनीच्या आराखड्यावरून ‘जोंगा’ ही दणकट गाडी तयार होत असे. लष्करातून बाद झालेल्या अनेक जोंगा पुढे खाजगी मालकांच्या हाती आल्या आणि त्यांना अधिक रुंद व अधिक उंच टायर चढविण्याची हौस वाढीस लागली. आता ही हौस साध्या कुटुंबाच्या मोटारीपर्यंत येऊन पोहोचली आहे. लोखंडी रिम काढून मिश्रधातूची चकचकीत अलॉय चाके बसविली जातात व त्यांवर मोठे टायर येतात.

जबलपूरच्या महाराजपुर भागातील एका कुटुंबाने आपल्या मोटारीला अशी चाके बसविली आणि ते सामानसुमानासह नागपूरच्या प्रवासाला निघाले, असे समजू. त्यांच्या गाडीत नेमके काय बदलले, हे पाहण्यासाठी प्रथम टायरवरील आकडे वाचता आले पाहिजेत.

टायरवरील आकडे

मोटारीच्या टायरच्या बाजूवर १८५/६५ आर १५ ८८ एच अशी अक्षरे उठविलेली असतात. यांपैकी १८५ ही टायरची मिलिमीटरमधील रुंदी होय. ६५ म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीची उंची रुंदीच्या शेकडा ६५ इतकी आहे. ‘आर’ हे अक्षर रेडियल बांधणीचे निदर्शक आहे. १५ हा रिमचा इंचांतील व्यास आहे. ८८ हा भारांक असून त्याचा अर्थ असा की, हा टायर जास्तीत जास्त ५६० किलोग्रॅम भार वाहू शकतो. शेवटचे ‘एच’ हे वेगाचे चिन्ह आहे. त्याची मर्यादा ताशी २१० किलोमीटर.

आता व्यास काढू. १८५ चे शेकडा ६५ म्हणजे १२०.२५ मिमी. भिंत वर आणि खाली अशी दोनदा येते, म्हणून २४०.५ मिमी. १५ इंच म्हणजे ३८१ मिमी. दोहोंची बेरीज ६२१.५ मिमी. यास ३.१४१६ ने गुणले असता परीघ सुमारे १.९५ मीटर येतो. म्हणजे एक किलोमीटर जाण्यासाठी हे चाक सुमारे ५१२ वेळा फिरते. भाराखाली टायर किंचित दबत असल्याने प्रत्यक्ष फेरे थोडे अधिक होतात. परंतु तुलनेसाठी हा हिशेब पुरेसा आहे.

काटा खोटे का बोलतो

महाराजपुरच्या त्या मोटारीला मूळच्या टायरऐवजी २०५/६५ आर १६ या मापाचे टायर बसविले आहेत असे धरू. वरच्याच रीतीने त्यांचा व्यास ६७२.९ मिमी येतो, म्हणजे मूळच्या सव्वाआठ टक्क्यांनी अधिक. हे चाक एका किलोमीटरात सुमारे ४७३ वेळाच फिरते.

मोटारीतील स्पीडोमीटर रस्ता मोजत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि एका फेऱ्यात गाडी किती पुढे जाते हे कारखान्यात ठरलेल्या मापावरून गृहीत धरतो. मूळचा काटा अचूक होता असे मानले, तर तो ताशी ८० किलोमीटर दाखवीत असताना गाडी वस्तुतः ८६.६ किलोमीटर वेगाने धावत असते. वेग सव्वाआठ टक्क्यांनी वाढला तर गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १७ टक्क्यांनी वाढते. गाडी थांबविताना ब्रेकना हीच ऊर्जा शोषून घ्यावी लागते. काट्याने प्रत्यक्ष वेगापेक्षा कमी वेग कधीही दाखवू नये, असे संयुक्त राष्ट्रांच्या ३९ व्या वाहन-नियमात सांगितले आहे. त्यामागील हेतू यावरून ध्यानात येईल.

दुसरीकडे ब्रेकची पकडही उणावते. ब्रेकची पीळशक्ती तीच राहिली आणि चाकाची त्रिज्या वाढली, तर रस्त्यावर पडणारे रोधक बल त्या प्रमाणात घटते. या उदाहरणात पेडलवर तेवढाच दाब दिला असता ते सुमारे साडेसात टक्क्यांनी कमी होते. गाडी साधारण २५ मिमी उंच होते, तिचा गुरुत्वमध्य वर सरकतो आणि वळणावर ती अधिक कलते. म्हणजे वेग अधिक, रोध कमी आणि चालकास दोहोंची वार्ता नाही, अशी स्थिती निर्माण होते.

व्यास जुळला तरी पुरे होत नाही

काही जण व्यास जुळवून टायर निवडतात. १९५/५५ आर १६ या टायरचा व्यास ६२०.९ मिमी येतो. मूळच्या मापात आणि यात एक मिलिमीटरचाही फरक नाही. काटा बरोबर चालेल. परंतु या मापाचा ८७ भारांकाचा टायर घेतला, तर त्याची भारशक्ती ५४५ किलोग्रॅम असते. प्रत्येक चाकामागे १५ किलोग्रॅम आणि चार चाकांमागे ६० किलोग्रॅम, म्हणजे जवळजवळ एका प्रौढ माणसाइतकी शक्ती नकळत कमी झाली. भरलेल्या गाडीत, उन्हाळ्यात तापलेल्या रस्त्यावर ही उणीव टायर फुटण्यास निमित्त होऊ शकते. म्हणून भारांक व वेगचिन्ह मूळच्यापेक्षा कमी नसावे.

रिमच्या बाबतीतही तेच. नटांच्या छिद्रांचे वर्तुळ, मधल्या भोकाचा व्यास आणि रिम आत-बाहेर किती बसते ते ऑफसेटचे माप, ही तिन्ही जुळली पाहिजेत. चाक बाहेर काढण्यासाठी मधे चकती घातली तर बेअरिंगवरील ताण वाढतो आणि चिखल व खडे मडगार्डच्या बाहेर उडतात.

कायदा काय म्हणतो

मोटार वाहन अधिनियम, १९८८ हा केंद्रीय कायदा आहे. तो महाराष्ट्राला आणि मध्य प्रदेशाला सारखाच लागू आहे. त्याच्या कलम ५२ नुसार, नोंदणीपत्रातील तपशील निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी विसंगत होईल असा फेरबदल मालकास करता येत नाही. केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये हाच अर्थ ठामपणे सांगितला. त्याच वर्षी झालेल्या दुरुस्तीने कलम १८२-अ नव्या स्वरूपात आले. परवानगी नसलेल्या फेरबदलास प्रत्येकी ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. कलम ५८ तर मालवाहू व इतर परिवहन वाहनांचे कमाल वजन ठरविताना टायरांची संख्या, प्रकार व आकार विचारात घेण्यास सांगते. टायर आणि भार यांचे नाते कायद्याने असे उघडपणे मान्य केले आहे.

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधील नियम ९४ टायरच्या स्थितीविषयी आहे. नक्षीची खोली दुचाकी व तीनचाकी वाहनांत ०.८ मिमी आणि इतर मोटारवाहनांत १.६ मिमी यांपेक्षा कमी असू नये. टायरवर भारतीय मानक संस्थेचे चिन्हही आवश्यक आहे. प्रवासी मोटारींच्या टायरचे मानक १५६३३ या क्रमांकाचे आहे.

योग्य मार्ग

चाके बदलण्याची इच्छा मुळीच गैर नाही. मात्र तिला क्रम हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर किंवा वाहनाच्या पुस्तिकेत निर्मात्याने मान्य केलेली टायरची मापे व हवेचा दाब दिलेला असतो. त्याच गाडीच्या वरच्या प्रकाराला निर्मात्याने मोठी चाके दिली असतील, तर तेच माप सर्वांत निर्धोक होय. त्याबाहेर जावयाचे असल्यास खरेदीपूर्वीच नोंदणी अधिकाऱ्यास विचारावे आणि केलेला बदल विमा कंपनीस लेखी कळवावा. एकाच आसावर दोन निराळ्या बांधणीचे टायर बसवू नयेत. विक्रेत्याची पावती जपून ठेवावी.

महाराजपुरच्या त्या कुटुंबाने दुकानात पाच मिनिटे थांबून कागदावर वरील हिशेब केला असता, तर २०५/६५ हे माप त्यांनी बाजूस ठेवले असते. कायद्याची कलमे पाठ नसली तरी चालते. परंतु चाकाचा परीघ काढता येणे प्रत्येक मोटारमालकास शक्य आहे, आणि ज्यास तो काढता येतो त्यास कायद्याचा हेतू निराळा समजावून सांगावा लागत नाही.

विद्यार्थ्यांसाठी स्वाध्याय

१. उभ्या असलेल्या मोटारीच्या टायरवरील आकडे वहीत उतरवा व व्यास काढा. १७५/६५ आर १४ या टायरचा व्यास ५८३.१ मिमी येतो का, ते पडताळा.

२. सायकलच्या टायरवर व जमिनीवर खडूने खूण करा, चाक एक पूर्ण फेरा पुढे न्या आणि दोन खुणांमधील अंतर फुटपट्टीने किंवा टेपने मोजा. एका किलोमीटरात ते किती वेळा फिरेल?

३. मूळच्यापेक्षा लहान टायर बसविला, तर काटा प्रत्यक्षापेक्षा अधिक वेग दाखवील की कमी? कारण लिहा.