डोमेन-नावाचा लिलाव : बाजारपेठ कशी निवडावी?

माल उत्तम पिकविणे ही एक विद्या आणि तो योग्य बाजारी नेणे ही दुसरी, हे शेतकरी बंधूंस निराळे सांगावयास नको. कोल्हापूरच्या पेठेत गुळाचे जाणते गिऱ्हाईक मिळते, तसे ते प्रत्येक गावच्या आठवडी बाजारात मिळत नाही. हाच न्याय अलीकडे एका अगदी वेगळ्या जातीच्या मालमत्तेस लागू पडू लागला आहे. पुष्कळ शेतकरी उत्पादक कंपन्यांनी, सहकारी संस्थांनी आणि घरचा आंबा, द्राक्षे वा गूळ परस्पर विकणाऱ्या बागाईतदारांनी इंटरनेटवर आपली संकेतस्थळे उघडली असून त्यांसाठी डोमेन-नावे, म्हणजे संकेतस्थळाच्या पत्त्याची नावे, घेऊन ठेविली आहेत. पुढे एखादी संस्था दुसरीत विलीन होते, धंदा बदलतो, अथवा दोन नावे घेऊन एकच वापरात राहते. उरलेले नाव लिलावाने विकावे असे मनात आल्यास ते कोणत्या बाजारपेठेत न्यावे, याचा विचार प्रस्तुत लेखात करावयाचा आहे.

नाव कोणाच्या खात्यावर आहे?

डोमेन-नाव ही वडिलोपार्जित जमिनीसारखी कायमची मालकी नव्हे. ते मुदतीच्या खंडाने घेतलेल्या जमिनीसारखे आहे. १९८३ साली ही नावांची पद्धती योजली गेली आणि १९९८ पासून जगभरच्या नावांच्या व्यवस्थेवर ‘आयकॅन’ या संस्थेची देखरेख आहे. आपल्या देशाच्या ‘डॉट इन’ नावांचा कारभार ‘निक्सी’ ही संस्था पाहते. प्रत्यक्ष नोंद मात्र रजिस्ट्रार म्हणविणाऱ्या कंपन्यांकडे होते. ‘डॉट कॉम’ किंवा ‘डॉट इन’ नावाची नोंद एका वेळी जास्तीत जास्त १० वर्षांची करता येते. मुदत संपून सवलतीचे दिवसही उलटले, तर नाव हातचे जाते. कित्येकदा रजिस्ट्रारच ते लिलावास काढतो.

म्हणून विक्रीचा विचार करण्यापूर्वी ही नोंद उघडून पाहावी. ज्या तरुणाने संकेतस्थळ बनवून दिले त्याच्याच खात्यावर व त्याच्याच ई-मेलवर नाव चढलेले आहे, असे पुष्कळ ठिकाणी आढळते. सातबारा परक्याच्या नावे असता जमिनीचा सौदा करावयास निघण्यासारखेच हे होय. प्रथम नाव संस्थेच्या खात्यावर आणावे, मुदत वाढवून घ्यावी, आणि विक्रीचा ठराव संचालक मंडळात रीतसर संमत करावा. कारण ही सर्व सभासदांची सामाईक मत्ता आहे.

बाजारपेठांचे प्रकार

या मालाच्या बाजारपेठा मुख्यतः तीन प्रकारच्या आहेत. पहिला प्रकार खुल्या लिलावाचा. यात ठराविक दिवसांची मुदत देऊन चढत्या बोलीने विक्री होते. ‘गोडॅडी’ या रजिस्ट्रारचा लिलाव-विभाग आणि जर्मनीतील कोलोन येथील ‘सेडो’ ही याची प्रसिद्ध उदाहरणे होत. गोडॅडीच्या लिलावात मुदत संपलेली नावे पुष्कळ येतात. तेथील गिऱ्हाईक बहुधा घाऊक खरेदी करणारे व्यापारी असते आणि ते स्वस्त माल शोधीत असते.

दुसरा प्रकार ठराविक किमतीच्या यादीचा. गोडॅडीने २०१३ साली विकत घेतलेली ‘आफ्टरनिक’ ही पेठ आपल्याकडील नावे अनेक रजिस्ट्रारांच्या दुकानांत एकाच वेळी मांडते. ज्याला तेच नाव स्वतःच्या धंद्यासाठी हवे आहे, असा खरा वापरणारा येथे भेटण्याचा संभव अधिक. मात्र त्याची वाट महिनोन्‌महिने पाहावी लागते.

तिसरा प्रकार चालत्या धंद्याच्या विक्रीचा. २००९ साली ऑस्ट्रेलियात सुरू झालेल्या ‘फ्लिपा’सारख्या पेठेत नावाबरोबर संकेतस्थळ व त्याचे उत्पन्नही विकले जाते. नुसते पडीक नाव विकणाऱ्यास ही पेठ फारशी उपयोगी नाही.

यावरून निवडीचा पहिला नियम निघतो. सर्वांस समजणारे लहान इंग्रजी नाव असल्यास परदेशी खुल्या लिलावात चढाओढ होईल. गावाचे, पिकाचे किंवा मराठी शब्दाचे ‘डॉट इन’ नाव असल्यास त्याचे गिऱ्हाईक कोलोनमध्ये नव्हे, आपल्याच जिल्ह्यात किंवा पुण्या-मुंबईच्या व्यापाऱ्यांत असावयाचे. असे नाव ठराविक किमतीच्या यादीत ठेवून त्या धंद्यातील लोकांस पत्राने कळविणे अधिक फलदायी ठरते.

भाव व अडत

२०१९ साली ‘व्हॉइस डॉट कॉम’ हे नाव ३ कोटी डॉलरांस विकले गेले. हा सौदा लिलावात नव्हे, खासगी वाटाघाटीने झाला, आणि असे सौदे अपवादात्मक होत. बहुसंख्य नावांस गिऱ्हाईकच मिळत नाही. अपेक्षा ठरविण्यासाठी बाजारभावाचे पत्रक पाहतो त्याप्रमाणे ‘नेमबायो’ या सूचीत पूर्वीच्या विक्रींच्या किमती पाहाव्यात.

अडतीचा दर प्रत्येक पेठेत निराळा असतो व तो वेळोवेळी बदलतो. परंतु केवळ कमी अडत पाहून पेठ निवडू नये. समजा, एका पेठेत शेकडा १० अडत आहे व तेथे बोली ४०,००० रुपयांवर थांबली. हाती ३६,००० पडले. दुसऱ्या पेठेत अडत शेकडा २०, परंतु गिऱ्हाईक अधिक म्हणून बोली ६०,००० पर्यंत गेली. हाती ४८,००० पडले. परदेशातून येणाऱ्या रकमेवर हुंडणावळ व बँकेचा खर्चही बसतो, तो आधीच हिशेबात धरावा.

राखीव किंमत ठेवण्याची सोय आहे की नाही, हेही पाहिले पाहिजे. ती नसल्यास दोनच बोलीदार आले तरी मिळेल त्या भावात नाव द्यावे लागते. तसेच शेवटच्या क्षणी बोली आल्यास मुदत आपोआप वाढविणारी पेठ विकणाऱ्याच्या हिताची असते.

पैसा आणि नाव कोणाच्या हाती?

आता सर्वांत महत्त्वाचा मुद्दा. धान्याच्या सौद्यात पोते समोर असते. येथे माल डोळ्यांस दिसत नाही व घेणारा हजारो मैल दूर असतो. नाव आधी दिले तर पैसे बुडतील अशी विकणाऱ्यास भीती. पैसे आधी दिले तर नाव मिळणार नाही अशी घेणाऱ्यास. याकरिता ‘एस्क्रो’ची, म्हणजे त्रयस्थाकडे रक्कम ठेवण्याची पद्धत आहे. घेणारा प्रथम पैसे त्रयस्थाकडे भरतो. ते पोचल्याची खातरजमा झाल्यावर विकणारा नाव हस्तांतरित करतो. नाव मिळाल्याचे घेणाऱ्याने कळविल्यावर त्रयस्थ पैसे मोकळे करतो. ज्या पेठेत ही व्यवस्था नाही, तेथे अडत शून्य असली तरी जाऊ नये.

नाव हलविण्यासाठी एक गुप्त संकेतांक लागतो. तो कुलपाची किल्लीच होय. रक्कम त्रयस्थाकडे जमा होण्यापूर्वी तो कोणासही देऊ नये. जानेवारी २००५ मध्ये न्यूयॉर्कच्या ‘पॅनिक्स’ या इंटरनेट-सेवा कंपनीचे नाव तिच्या संमतीवाचून दुसऱ्या रजिस्ट्रारकडे हलविले गेले आणि तिच्या गिऱ्हाइकांची ई-मेल विस्कळीत झाली. नाव परत मिळाले. परंतु जाणत्यांचेही असे होते, तेथे आपण किती जपावे हे सांगणे नको.

‘तुमच्या नावास मोठे गिऱ्हाईक आहे, फक्त आधी आमच्या सांगण्याप्रमाणे मूल्यमापनाचा दाखला विकत घ्या,’ अशी पत्रे येतात. ही निव्वळ ठकबाजी होय. दाखल्याचे पैसे गेले की गिऱ्हाईकही नाहीसे होते.

विकण्यापूर्वीची खबरदारी

नाव गेले म्हणजे त्या नावावर येणारी ई-मेलही नव्या मालकाकडे जाऊ शकते. बँक, जीएसटी, खतविक्रेते व सभासद यांच्याकडे जुना पत्ता नोंदलेला असल्यास तो आधी सर्वत्र बदलून घ्यावा. नाहीतर परक्याच्या हाती संस्थेची गुपिते पडतील.

तसेच दुसऱ्याच्या प्रसिद्ध व्यापारी नावाशी मिळतेजुळते नाव विकावयास काढू नये. डोमेन-नावासही व्यापारचिन्हासारखे संरक्षण मिळू शकते, असा निर्णय आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २००४ साली ‘सत्यम इन्फोवे’च्या खटल्यात दिला आहे. अशा नावाच्या विक्रीत नफा दूर राहून तंटा मात्र पदरी येतो.

सारांश, नोंद आपल्या नावे करावी. आपले गिऱ्हाईक कोठे आहे ते ओळखून पेठ ठरवावी. तेथे राखीव किंमत व त्रयस्थाची ठेव आहे याची खात्री करावी. आणि अडतीचा दर सर्वांत शेवटी पाहावा. ज्याने मापात व वजनात एकदा नुकसान सोसले आहे, त्या शेतकऱ्यास हा क्रम पटण्यास वेळ लागणार नाही.