जक्कयाची परतफेड : प्रभुभोजनाच्या तयारीसाठी एक पाठ

वाचावयाचे शास्त्रभाग : लूक ३:७–१४, लूक १९:१–१०, गणना ५:५–८.

प्रभुभोजनाच्या आधी एक दिवस तयारीची प्रार्थनासभा भरविण्याची चाल आपल्या पुष्कळ मंडळ्यांत आहे. ही चाल उत्तम आहे आणि ती मोडू नये असे आमचे मत आहे. तथापि या सभेत जी पापांची कबुली होते तिच्याकडे थोडे लक्ष द्यावे. "हे प्रभो, आम्ही पापी आहो, आम्ही विचाराने, उच्चाराने व आचाराने चुकलो," असे सर्व म्हणतात आणि ते खरेही आहे. परंतु शेजाऱ्याचा बांध कोरला, मापात मारले, भावाच्या वाट्याची ज्वारी आपल्या कणगीत घातली, असे कोणी म्हणत नाही. सर्वसाधारण पाप कबूल करणे सोपे असते, कारण त्याचा सावकार दारात उभा राहत नाही.

हे आम्ही दुसऱ्यास दोष लावण्यासाठी लिहीत नाही. फार वर्षांपूर्वी एका खेड्यात सेवा करीत असता आम्ही राहत्या घराची पडवी बांधून घेतली. गवंड्याच्या मजुरीपैकी काही रक्कम सुगी झाल्यावर देऊ म्हणून ठेवली. सुगी झाली, नंतर दुसरी निकड निघाली, आणि ती रक्कम तशीच राहिली. तो गवंडी आमच्याच मंडळीचा होता. तयारीच्या सभेत आम्ही प्रार्थना चालविली, तेव्हा आमचा कंठ दाटून आला व डोळ्यांतून पाणी वाहिले. ते अश्रू खोटे होते असे आम्ही आजही म्हणत नाही. सभा सुटल्यावर गवंड्याची बायको दारापाशी थांबली होती. ती म्हणाली, "मास्तर, देवापुढं रडलात, लई बरं झालं. आमच्याकडं कवा येताय?" त्या रात्री आम्हांस झोप आली नाही. जो पाठ आम्ही दुसऱ्यांस शिकवीत होतो तो त्या बाईने आम्हांस एका वाक्यात शिकविला.

आपण ज्याला पश्चात्ताप म्हणतो त्या शब्दाचा अर्थ मागाहून होणारा ताप, म्हणजे अंतःकरणाची जळजळ, असा आहे. शब्द चांगला आहे, परंतु तो गोष्टीचा आरंभच सांगतो. जुन्या कराराच्या इब्री भाषेत संदेष्टे जो शब्द वापरतात त्याचा साधा अर्थ परत फिरणे असा आहे. वाट चुकलेला वाटसरू मागे वळतो तसे. नव्या कराराच्या ग्रीक भाषेतील शब्दाचा अर्थ मन पालटणे असा होतो. वाट चुकलेला मनुष्य बांधावर बसून कितीही रडला तरी तो घरी पोहोचत नाही.

बाप्तिस्मा करणारा योहान यार्देनेच्या तीरी उपदेश करीत असता लोकांनी त्यास विचारले की, मग आम्ही काय करावे? त्याने दिलेली उत्तरे उपदेशकांनी पुनःपुन्हा वाचावी. ज्यापाशी दोन अंगरखे असतील त्याने ज्यापाशी नाही त्यास एक द्यावा आणि अन्नाचेही तसेच करावे. जकातदारांनी ठरल्याहून अधिक घेऊ नये. शिपायांनी कोणास धाक घालून किंवा खोटा आळ घेऊन पैसे उकळू नयेत व आपल्या पगारावर राहावे. योहानाने कोणासही धंदा सोडून रानात येण्यास सांगितले नाही. ज्याचे पाप ज्या धंद्यात, त्याचे फळ त्याच धंद्यात त्याने मागितले.

आता यरीहोकडे चला. हे नगर यार्देनेच्या खोऱ्यात, पलीकडील प्रांतातून यरुशलेमास चढणाऱ्या वाटेवर होते. खजूर व सुगंधी बलसान यांसाठी त्याची ख्याती होती. अशा ठिकाणी मालावर जकात पुष्कळ जमे. त्या काळी जकात वसूल करण्याचे काम मक्त्याने दिले जात असे. मक्तेदाराने ठरलेली रक्कम सरकारात भरावी आणि वर जे मिळेल ते आपल्या पदरी टाकावे, अशी रीत होती. म्हणून लोकांपासून जितके अधिक पिळून काढावे तितका नफा अधिक. जक्कय हा मुख्य जकातदार होता. हे पद नव्या करारात दुसऱ्या कोणास दिलेले नाही. तो श्रीमंत होता, ठेंगणा होता, आणि गावाच्या तिरस्काराचा विषय होता.

तो चढला ते झाड आपल्या मराठी शास्त्रात उंबर म्हणून सांगितले आहे. त्या देशातील ते झाड आपल्याकडील उंबराचेच भाऊबंद. खोड आखूड, फांद्या खालपासून पसरलेल्या. मुलांस चढावयास सोपे, परंतु मोठ्या हुद्द्याच्या श्रीमंत गृहस्थाने त्यावर चढावे ही हसण्याजोगी गोष्ट होती. लोक हसतील याची पर्वा त्याने त्या दिवशी सोडली होती. आमच्या मते त्याची तयारी येथेच सुरू झाली.

प्रभू झाडाखाली थांबला, त्यास नावाने हाक मारली आणि आज तुझ्या घरी मला उतरावयाचे आहे असे म्हणाला. येथे क्रम नीट ध्यानात घ्यावा. जक्कयाने अजून एक पैसाही परत केलेला नव्हता आणि कबुलीचा एक शब्दही उच्चारला नव्हता. प्रभू आधी त्याच्या घरी गेला. परतफेड मागाहून झाली. यास्तव, पैसे परत करून तारण विकत घेता येते असे कोणी या पाठावरून समजू नये. यहूदा इस्कर्योतानेही तीस रुपये परत नेऊन मंदिरात टाकले होते आणि आपण पाप केले असेही तो बोलला होता. पण तो याजकांकडे गेला, प्रभूकडे फिरला नाही, आणि त्याच्या तापाने त्यास मरणाच्या खाईत लोटले. पेत्राने तर परत देण्याजोगे काही घेतलेच नव्हते. तो केवळ रडला, परंतु त्याच प्रभूकडे परत आला. विश्वास म्हणतात तो हाच: ज्याचा अपराध केला त्याच्याच कृपेकडे तोंड करून उभे राहणे.

जक्कय उभा राहून जे बोलला त्यात एक शब्द विशेष आहे. अन्यायाने कोणाचे काही घेतले असल्यास, असे तो म्हणतो. तेथील ग्रीक क्रियापद सर्व नव्या करारात दोनदाच आले आहे, एकदा येथे व एकदा योहानाने शिपायांस दिलेल्या उत्तरात. नदीतीरी जो प्रश्न विचारला गेला त्याचे उत्तर यरीहोतील या घरात मिळाले, असे लूक आपणांस दाखवितो की काय, असे आम्हांस वाटते. काही विद्वानांचे म्हणणे असे आहे की जक्कय आपला नित्याचा परिपाठ सांगत आहे, नवा निश्चय नव्हे, कारण क्रियापद वर्तमानकाळी आहे. परंतु या घरास आज तारण आले आहे असे प्रभू म्हणतो. त्या 'आज' शब्दामुळे आम्ही यास त्या दिवसाचाच निश्चय मानतो.

आता त्याचा हिशेब पाहा. आपण होऊन अपराध कबूल करणाऱ्याने मूळ रक्कम व तिचा पाचवा हिस्सा वर भरावा असे नियमशास्त्र सांगते. म्हणजे शंभर रुपये लुबाडले असतील तर एकशेवीस द्यावे. चौपट भरपाई ही मेंढरू चोरून कापणाऱ्या किंवा विकणाऱ्या चोरासाठी होती (निर्गम २२:१). जक्कयाने कबुली देणाऱ्याची सवलत घेतली नाही. चोराचा दंड स्वतःस लावून घेतला. शिवाय अर्धी मालमत्ता तो गरिबांस देतो. समजा, त्याचे सर्व धन एक हजार होते. पाचशे गरिबांस गेले. उरलेल्या पाचशेतून चौपटीने फेडावयाचे तर एकशेपंचवीसच्या लुबाडणुकीपर्यंतच पुरते. त्याच्या धनाचा आठव्याहून अधिक हिस्सा अन्यायाचा असेल, तर जक्कय त्या दिवशी कफल्लक झाला! हे भाषण जेवणाच्या आनंदात सहज निघालेले नाही.

डोंगरावरील उपदेशात प्रभूने सांगितले आहे की, वेदीपाशी अर्पण नेले असता भावाच्या मनात आपल्याविरुद्ध काही आहे असे आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी त्याच्याशी समेट करावा. ते ऐकणारे गालीलकर होते. वेदी यरुशलेमात, आणि गालील तेथून तीनेक दिवसांच्या वाटेवर. अर्पण ठेवून घरी जावे, समेट करावा आणि पुन्हा यावे, यात आठवडा मोडला! तरी प्रभूने ती सांगितली. आपला भाऊ बहुधा चार घरे पलीकडे राहतो.

करिंथकरांस पौलाने प्रत्येकाने आपली परीक्षा करावी असे लिहिले, तेही कोणत्या प्रसंगी? श्रीमंत आधी जेवून घेत, गरीब उपाशी राहत, आणि त्यालाच ते प्रभुभोजन म्हणत. त्या परीक्षेचा विषय पंक्तीतील शेजारी होता. 'बारा प्रेषितांची शिकवण' या नावाचे एक फार प्राचीन पुस्तक १८७३ साली कॉन्स्टँटिनोपल येथे सापडले व १८८३ साली छापले गेले. त्यातही, ज्याचे सोबत्याशी भांडण असेल त्याने समेट होईपर्यंत भाकर मोडण्यास येऊ नये, असा नियम आहे. म्हणजे आपली तयारीची चाल परदेशी मिशनऱ्यांनी काढलेली नव्हे. ती मंडळीच्या पहिल्या पिढ्यांची आहे.

पुढील काळातही असे घडले आहे. १९०७ सालच्या जानेवारीत कोरिया देशातील प्योंगयांग शहरी ख्रिस्ती लोकांच्या सभा चालल्या असता किल सन-जू नावाचे एक वडील उभे राहिले. एका मित्राने मरतेसमयी आपल्या घरादाराचा कारभार त्यांच्या स्वाधीन केला होता, आणि त्या विधवेच्या पैशांतील काही त्यांनी स्वतःकडे ठेवले होते. ते त्यांनी सर्वांसमक्ष सांगितले व रक्कम परत करण्याचे कबूल केले. त्यानंतर अनेकांनी कबुली दिली, आणि चोरलेल्या वस्तू व बुडविलेली देणी घेऊन लोक शेजाऱ्यांच्या, अख्रिस्ती लोकांच्याही, दारी गेले. त्याच वर्षी किल यांची पाळक म्हणून नेमणूक झाली.

उपदेशक बंधूंस आमची थोडी विनंती आहे. तयारीची सभा शनिवारी असेल तर हा पाठ आधीच्या रविवारी शिकवावा, म्हणजे लोकांस जाऊन येण्यास आठवडा मिळेल. ज्याचे देणे आहे त्याच्याकडे एकट्याने जावे. सभेत दुसऱ्याचे नाव घेऊन कबुली देऊ नये, कारण त्याने त्याची अब्रू जाते. सर्व रक्कम एकदम जमत नसेल तर हाती असेल ती द्यावी आणि बाकीचा दिवस ठरवावा. ज्याचे नुकसान झाले त्यास क्षमा कर म्हणून कोणी घाई करू नये. ही चूक आम्ही उपदेशक फार करितो. देणेकरी अजून घरातून निघालेला नसतो आणि आम्ही घेणेकऱ्यास प्रीतीचा अध्याय वाचून दाखवितो.

ज्याचे देणे होते तो मरून गेला असेल तर काय करावे, असे एका म्हाताऱ्या बाईने आम्हांस विचारले होते. गणनेच्या पाचव्या अध्यायात त्याचीही सोय आहे. ते त्याच्या जवळच्या नातलगास द्यावे, आणि घेणारा नातलगही उरला नसेल तर ते परमेश्वराचे होऊन याजकास मिळावे. त्या बाईस मृताचा एक पुतण्या दोन गावे पलीकडे असल्याचे ठाऊक होते. ती दुसऱ्या दिवशी सकाळी निघाली.