योजना आखणे आणि तडीस नेणे : खेडच्या रेल्वेवरून घेण्यासारखा धडा



आपल्या वार्षिक सभेत विस्तारवाढ, आसवनी, सहवीजनिर्मिती, उपसा सिंचन असे विषय येतात. ठराव होतो, टाळ्या पडतात. पुढे काम दीड वर्षात उरकायचे ते तीन वर्षांवर जाते. मधल्या काळात कर्जाचे व्याज काही थांबत नाही, आणि ते शेवटी तुमच्या-आमच्या उसाच्या पैशातूनच जाते. म्हणून प्रकल्प वेळेत आणि ठरल्या खर्चात पुरा करणे हे एक शास्त्र आहे, ते शिकता येते, हे सभासदांनीही समजून घेतले पाहिजे. या शास्त्राला प्रकल्प व्यवस्थापन म्हणतात.

हे शास्त्र फार जुने नाही. १९५७-५८ च्या सुमारास अमेरिकेत ड्यूपाँट या रसायन कंपनीने आणि तिथल्या आरमाराने हजारो कामांची जुळणी कागदावर मांडायच्या पद्धती काढल्या. आज जगभर त्याचे अभ्यासक्रम आहेत, परीक्षा आहेत, प्रमाणपत्रे आहेत. पण पुस्तकी व्याख्येपेक्षा आपल्या राज्यातले उदाहरण बघू.

कोकण रेल्वेचे काम

खेड म्हणजे इथे पुण्याजवळचे नव्हे, रत्नागिरी जिल्ह्यातले, जगबुडीकाठचे खेड. तिथे ऊस नाही. भात, आंबा, काजू. पिढ्यान् पिढ्या तिथला माणूस मुंबईला जायचा तो बोटीने किंवा एस.टी.ने, कशेडीचा घाट चढून. १९९० च्या जुलैत कोकण रेल्वे महामंडळ स्थापन झाले. भांडवलात केंद्राचा वाटा ५१ टक्के, महाराष्ट्राचा २२, कर्नाटकाचा १५, गोवा आणि केरळ यांचा प्रत्येकी ६. बाकीचा पैसा मुख्यतः कर्जरोखे काढून उभा केला. म्हणजे गाठ आपल्यासारखीच : भाग थोडा, कर्ज जास्त, आणि दिवसागणिक व्याज.

प्रमुख होते ई. श्रीधरन्. १९६४ च्या वादळात मोडलेला पांबनचा रेल्वे पूल ४६ दिवसांत पुन्हा उभा करणारा हा इंजिनिअर. रोहा ते मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटर लाइन, ९० च्या वर बोगदे, लहानमोठे मिळून दोन हजारांच्या आसपास पूल. त्यांनी केले काय ते बघा :

१. सगळी लाइन सात विभागांत वाटली. प्रत्येक विभागाला एक मुख्य अभियंता आणि त्याला जागेवर निर्णय घेण्याचा अधिकार. बारीकसारीक गोष्टीला वरच्या ऑफिसकडे तोंड करून बसायचे नाही.

२. जमिनीचे काम आधी हाती घेतले. हजारो खातेदारांशी बोलणी, मोजणी आणि मोबदला ही कामे मार्गी लागल्याशिवाय यंत्र आणून उपयोग नाही, हे त्यांनी ओळखले.

३. ऑफिसात किती दिवस झाले हे न दाखवता किती दिवस उरले हे दाखवणारे घड्याळ लावले.

४. जो टप्पा झाला तो वापरात आणला. १९९३ साली रोह्याहून वीरपर्यंत गाडी आली, १९९५ साली खेडपर्यंत, १९९६ च्या अखेरीस सावंतवाडीपर्यंत. सगळे पुरे होईपर्यंत खेडकरांना ताटकळत ठेवले नाही.

आता दुसरी बाजू. पाच वर्षांत पुरी करायची लाइन सलग सुरू व्हायला २६ जानेवारी १९९८ उजाडला. खर्च मूळ अंदाजाच्या दुपटीहून अधिक झाला. खेडच्या उत्तरेचा नातूवाडीचा बोगदा चार किलोमीटरहून लांब, रत्नागिरीजवळचा करबुड्याचा साडेसहा किलोमीटर. पण हे कठीण कातळातले, ते यंत्राने फोडून झाले. खरा उशीर केला तो गोव्यात पेडण्याच्या बोगद्याने. तिथे माती भुसभुशीत, खणावे तेवढी ढासळे. शिवाय गोव्यात मार्गाबद्दल आंदोलन होऊन काम अडले. तात्पर्य, उत्तम माणूस आणि उत्तम आखणी असली तरी जमिनीच्या पोटातले आणि लोकांच्या मनातले आधी तपासावे लागते. यालाच या शास्त्रात जोखमीचा अंदाज म्हणतात. आखणी असल्याने उशीर कुठे होतो आहे ते कळले. आखणी नसती तर तेही कळले नसते.

आपल्या शेतावर करून बघा

समजा, तुम्हाला १५ ऑक्टोबरला पूर्वहंगामी लागण करायची आहे आणि नव्या विहिरीवरून पाणी आणायचे आहे. कामे अशी धरू :

पंपघर बांधणे – २० दिवस.
चर खणून पाइप टाकणे – १४ दिवस.
वीजजोडणीचा अर्ज ते मंजुरी – ४० दिवस.
पंपघर झाल्यावर आणि मंजुरी आल्यावर जोडणी – ५ दिवस.
पाणी सोडून चाचणी – २ दिवस.
शेणखत, नांगरट, सरी – १० दिवस.

एकामागून एक केली तर बेरीज ९१ दिवस. पण पंपघर, पाइप आणि सरी यांना मंजुरीसाठी थांबायचे कारण नाही. ती बाजूला चालू राहतील. तेव्हा लांबी ठरते ती मंजुरी ४०, जोडणी ५, चाचणी २ अशी ४७ दिवसांची. या साखळीतले काम एक दिवस लांबले की लागण एक दिवस लांबली. पंपघर मात्र २० दिवस मागे पडले तरी चालते, पाइप ३१ दिवस, सरी ३७ दिवस. या मोकळ्या दिवसांना सवड म्हणू.

आता बघा, आपण घाई कुठे करतो? चर खणायला जादा गडी लावतो, कारण ते डोळ्याला दिसते. त्यात पैसा जातो आणि दिवस एकही वाचत नाही. अर्ज मात्र खिशात राहतो. हिशेबाने तो उशिरात उशिरा २९ ऑगस्टला गेला पाहिजे. शहाणा माणूस महिनाभर आधीच देईल.

कारखान्यातही हेच. बंद हंगामात मिल उघडतात तेव्हा शंभर कामे निघतात. त्यांतल्या कुठल्या चार-पाचांवर बॉयलर पेटण्याची तारीख अवलंबून आहे, हे ज्याला सांगता येते तो खरा व्यवस्थापक. बाहेरून यायचा एखादा सुटा भाग उशिरा मागवला तर बाकी सगळे चकाचक असूनही गाळप लांबते, आणि रानात तुऱ्याला आलेला ऊस वाट बघत नाही.

शिकायचे कुठे, शिकवायचे कुणाला

सहकारी संस्थांच्या व्यवस्थापनासाठी पुण्याची वैकुंठभाई मेहता संस्था आहे, साखर धंद्यासाठी मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आहे, आणि बांधकाम व्यवस्थापनासाठी १९८३ साली निघालेली निकमार आहे. पण प्रमाणपत्र भिंतीवर लावून प्रकल्प होत नाही. शिकून आलेल्या माणसाला अधिकार द्यावा लागतो, नाहीतर तो आठ दिवसांत पूर्वीसारखाच सहीची वाट बघत बसतो. आणि शिक्षण फक्त मोठ्या साहेबांना नको. गट ऑफिसातला चिटबॉय, मिलचा फोरमन, स्टोअरकीपर यांनाही कामे फोडणे, क्रम लावणे, सवड काढणे एवढे आले पाहिजे. उशीर सर्वांत आधी त्यांनाच दिसतो.

सभेत विचारायचे पाच प्रश्न

पुढच्या सभेत नव्या प्रकल्पाचा विषय आला की नम्रपणे पण नेटाने विचारा :

१. तारीख ठरवणारी कामे कोणती?
२. एक महिना उशीर झाला तर व्याज किती वाढेल?
३. परवानगी, जमीन आणि पाणी हाती आहे की यायचे आहे?
४. जबाबदार माणूस कोण, आणि त्याला सहीचा अधिकार किती?
५. कोणता टप्पा आधी सुरू करून उत्पन्न घेता येईल?

उत्तरे कागदावर मिळाली तर ठरावाला हात वर करावा. तोंडी मिळाली तर ती इतिवृत्तात नोंदवायला लावावीत. कारखाना आपला आहे, तर त्याचे कॅलेंडरही आपल्याला वाचता आले पाहिजे.